पुतळ्याच्या हाताला बांधलेला दुपट्टा

सिंदेवाहीहून आत येणारी एसटी आमच्या वस्तीच्या चौकात थांबते. उतरल्यावर पिशवी खांद्यावर घ्यायच्या आधी माझी नजर वर जाते, पुतळ्याच्या उजव्या हाताकडे. हात पाहिला, आजूबाजूला चार माणसं नेहमीसारखी बसलेली दिसली, की मग मी श्वास सोडते आणि घराकडे वळते. लहानपणी ही सवय नव्हती. ती एका दुपारी लागली.

पुतळा कोणाचा ते लिहायला नको. निळा कोट, डाव्या हातात छातीशी धरलेलं पुस्तक, पुढे केलेला उजवा हात आणि लांबवर काहीतरी दाखवणारं बोट, एवढं सांगितलं की कोणत्याही गावच्या माणसाला तो दिसतो. आमचा पुतळा सिमेंटचा आहे. मी जन्मायच्या आधी वस्तीतल्या लोकांनी तो बसवला. घडवणारा मिस्त्री एरवी देवळांवरचे हत्ती आणि मोर करायचा, त्यामुळे कोटाच्या बाह्यांना थोड्या पिसाऱ्यासारख्या चुण्या पडल्या आहेत. पण चेहरा त्याने मनापासून केला होता. ते बोट तालुक्याच्या रस्त्याकडे होतं. मला पाचवीत तालुक्याच्या शाळेत घालायचं ठरलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "दुसरं काई इचारू नको. बोट जिकडे, तिकडे जाय." मी गेले. तालुक्याची शाळा, मग चंद्रपूरचं सरकारी वसतिगृह, मग वकिलीचं शिक्षण. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे ज्यांच्यामुळे झालं त्यांच्याकडे पाहताना माझ्या मनात आजही तीच कृतज्ञता येते, आणि ती सांगताना मला संकोच वाटत नाही.

बाबा घुग्घुसला ट्रक रंगवतात. दाराचे पत्रे, मागच्या फळ्या, नंबर, फुलं, ड्रायव्हर सांगेल ते शेर. वर्षातला एक दिवस मात्र ते ट्रकला हात लावत नाहीत. जयंतीच्या आदल्या दिवशी पुतळा रंगवायचा मान त्यांचा. डबे आणि ब्रश घेऊन ते गावी येतात, आंघोळ करतात, धुतलेला पांढरा सदरा घालतात, कठड्याबाहेर चपला काढतात. शिडीवर पाय ठेवायच्या आधी चबुतऱ्याला हात लावून हळूच म्हणतात, "येऊन राह्यलो जी वर." घरातल्या मोठ्या माणसाला सांगावं तसं.

आणि हे सगळं ते भर दुपारी करत. एप्रिलचं ऊन असं की माणूस दाराबाहेर येत नाही. लोकांना वाटायचं, धूळ उडत नाही म्हणून ही वेळ. मला खरं कारण ठाऊक होतं. एवढ्या मोठ्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून आपण उभे आहोत, त्यांच्या गालाला हात लावतो आहोत, हे कोणी पाहावं असं त्यांना वाटत नसे. वस्तीही हे समजून होती. रंगवायच्या दुपारी चौकात कोणी जायचं नाही, ही रीतच पडून गेली होती.

कठड्यावरची पाटीही बाबांच्याच हातची. 'या पुतळ्याची विटंबना करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' ट्रकच्या नंबरासारखी जाड, मागे पिवळी सावली पाडलेली अक्षरं. मी वाचायला शिकले ती याच पाटीवर. 'कमळ' आणि 'विटंबना' हे दोन्ही शब्द मला एकाच वर्षी येऊ लागले. पुढे कायद्याच्या पुस्तकात ते कलम आलं तेव्हा मला ते बाबांच्या अक्षरातच दिसलं.

त्या वर्षी मी तालुक्याच्या कोर्टात एका वकीलसाहेबांच्या हाताखाली नुकतीच लागले होते. जयंतीसाठी घरी आले. दरवर्षी शिडी धरणारा माझा चुलतभाऊ साउंडवाल्याला आणायला गेला होता, म्हणून शिडी मी धरली.

बाबा वर गेले आणि बराच वेळ ब्रश उचललाच नाही. मग म्हणाले, "नाक बुजून राह्यलं, बाई. इतक्या वर्साचा रंग चढला. डोळ्याच्या पापण्या दिसत नाई. यंदा खरडून घेतो."

त्यांनी खरडायच्या लोखंडी पत्तीने चेहऱ्यावरचे जुने पापुद्रे काढले. खरंच, खालून तो पहिला चेहरा निघू लागला, जरा चिंतेत असलेला. बाबा खुशीत आले. मग ते हाताकडे वळले. बोटावर रंगाचा थर जाड होता. वाळलेली काटकी मोडावी तसा बारीक आवाज झाला.

बाबा दोन पायऱ्या खाली आले आणि मूठ उघडली. आत बोट होतं. निळ्या रंगाचा एक ओघळ त्यावर कधीचा सुकलेला, आणि मोडलेल्या टोकाला गंजून भुगा झालेली सळई.

"बाई, हे पाह्य," ते म्हणाले.

मला आधी कलम आठवलं. अपमान करण्याचा हेतू असावा लागतो, इथे हेतू नाही, म्हणजे गुन्हा नाही, असं मी मनातल्या मनात परीक्षेसारखं लिहून काढलं. त्याने धीर आला नाही. कारण लगेच समोरची टपरी दिसली.

चौकाच्या पलीकडे चहाची टपरी आहे. टपरीवाले भाऊ आमच्या वस्तीतले नाहीत, गावाच्या वरच्या बाजूच्या धानवाल्या शेतकरी घरातले आहेत. बाबा आणि ते चौथीपर्यंत एका पाटावर बसलेले. आदल्या आठवड्यात त्यांनी उन्हासाठी हिरवी जाळी बांधली आणि तिची एक दोरी पुतळ्याच्या कठड्याला अडकवली. आमच्या पोरांनी दोरी कापली. शब्दाला शब्द लागला. टपरीवाले भाऊ रागात बोलून गेले, "तुमच्या पुतळ्याले सावलीनं काय होते का?" कोणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं. ते वाक्य त्या आठवड्यात घराघरांत ऐकलं गेलं.

आता त्याच पुतळ्याचं बोट नव्हतं, तेही जयंतीच्या आदल्या दिवशी. आणि ते कसं मोडलं हे पाहणारी, मला वाटलं, आम्ही दोघंच.

बाबांनी तेव्हा जे केलं ते त्यांच्यासारखा माणूसच करेल. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, पुन्हा वर गेले आणि पुतळ्याच्या हाताला गुंडाळून गाठ मारली. "उघडा नको दिसाले," म्हणाले. जखमेवर बांधतात तसं बांधलं. तो त्यांचा कामाचा दुपट्टा होता, ट्रकच्या लाल रंगाचे डाग पडलेला. त्या घटकेला आम्हा दोघांच्याही हे लक्षात आलं नाही.

आम्ही विहार समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. ते तालुक्याला गेलेले. त्यांच्या ओसरीतूनच मी वकीलसाहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोणाला काही बोलू नको. वडिलांना घेऊन सरळ ठाण्यात जा. लोकांसमोर कबुली द्यायची नाही, काय समजलीस? जमाव कलम वाचत नाही." सल्ला बरोबर होता. आज मला कोणी असा फोन केला तर मीही हेच सांगेन.

फोन कानाला असतानाच मेसेज वाजू लागले. वस्तीच्या ग्रुपवर फोटो आला होता. आमचा पुतळा, अर्धा खरडलेला चेहरा, आणि हाताला बांधलेलं लाल डागांचं फडकं. खाली एकामागून एक ओळी.

"हे कोनं केलं?"

"हाताले रक्तावानी काय आहे ते?"

"तोंडही खरवडलं. पाहा नीट."

"इचारता काय? टपरीवाल्याले धरा."

मी फोन बाबांसमोर धरला. त्यांनी फोटो पाहिला, आणि स्वतःच्या रिकाम्या खांद्यावर हात फिरवला.

"बाबा, आपण ठाण्यात जाऊ. साहेब तेच म्हणतात."

"जाऊ ना ठाण्यात," बाबा म्हणाले. "पन आपण ठाण्यात पोचेवरी तो टपरीत आहे ना, बाई."

आम्ही चौकात आलो तेव्हा ऊन तसंच होतं, पण चौक भरत चालला होता. माणसं उघड्या अंगाने, अर्धवट झोपेतून उठून आलेली. बायका कठड्याशी. दोन मोटारसायकली टपरीच्या तोंडाशी आडव्या लावलेल्या. टपरीवाले भाऊ पुढची फळी खाली ओढत होते आणि ती ओढणंच त्यांना नडत होतं.

"पाहा, बंद करून पळून राह्यला!"

"अरे, उन्नाचा रोज बंद करतो म्या! आज काय नवं आहे?"

"आज नवं आहे ना! वर पाह्य काय आहे ते! आता बोल, सावलीनं काय होते!"

वरच्या आळीच्या तोंडाशी त्यांच्याकडचीही माणसं जमू लागली होती. कोणाच्या हातात काही नव्हतं, पण हात रिकामे राहतील असं वाटत नव्हतं. पाच वर्षं कायदा शिकलेली मी त्या गर्दीत शिडीच्या बाजूला नुसती उभी होते, आणि एकच विचार करत होते की बाबांना हाताला धरून मागच्या गल्लीने घेऊन जावं. आपण निघून गेलो तर कोणाला कळणार?

बाबा गर्दीतून सरळ कठड्याशी गेले. तिथे थांबले. त्या गलबल्यातही त्यांनी वाकून चपला काढल्या, एकीवर एक नीट ठेवल्या, चबुतऱ्याला हात लावला. ओठ हलले. मग ते शिडीने चबुतऱ्यावर चढून लोकांकडे तोंड करून उभे राहिले. पुतळ्याच्या बरोबरीने, भरल्या चौकासमोर. आयुष्यभर त्यांनी हेच टाळलं होतं.

"आयका," ते म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

"आयका ना जी!"

कठड्याला टेकून एक म्हातारी उभी होती, पुतळा बसवणाऱ्यांपैकी आता उरलेली एकटीच. ती ओरडली, "अरे मोठ्यानं बोल! ट्रकाले रंग देतानी त मोठा गात असते म्हणे!"

साउंडवाला तोवर आलेला होता. उद्याचे भोंगे उतरवून त्याने एक जोडलाही होता. मी त्याच्या हातातून माइक घेतला आणि बाबांकडे धावले. वायर कठड्यापर्यंतच पुरली. बाबांनी वरून हात लांब केला, मी खालून केला, तरी पोचेना.

"तूच बोल, बाई," ते म्हणाले. "म्या सांगतो तसं बोल."

मग बाबा वरून एकेक वाक्य बोलले आणि मी ते खालून माइकवर म्हटलं. शब्द बदलावेत हे सुचलं नाही, धीरही नव्हता. म्हणून गावभर माझा आवाज गेला, "पुतळ्याचं बोट माह्या हातानं मोडलं. दुसऱ्या कोनाचा हात नाई लागला. रंग खरडतानी मोडलं. दुपट्टा म्याच बांधला. उघडा दिसू नये म्हणून बांधला." वकीलसाहेबांचा एकेक शब्द आठवत होता, आणि मी जमावासमोर, भोंग्यावर, माझ्या बापाची कबुली माझ्या तोंडाने देत होते. मागच्या आळीतल्या काहींना म्हणे मीच बोट मोडलं असं वाटलं. वाटू द्या, असं मला नंतर वाटलं. तेव्हा काहीच वाटत नव्हतं. हातातला माइक घामाने निसटत होता तेवढंच कळत होतं.

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. त्यातून काय निघेल ते सांगता येत नव्हतं.

"कशावरून?" मोटारसायकलवरचा एकजण म्हणाला. "त्याले वाचवून राह्यले हे. दोस्त आहे ना त्याचा."

बाबांनी पुतळ्याच्या हाताची गाठ सोडली, दुपट्टा त्याच्याकडे फेकला. "वास घे. रक्त आहे का टरपेंटाइन आहे, सांग सगळ्याइले."

त्याने घेतला. शेजारच्याने घेतला. तो दुपट्टा गर्दीत हातोहात फिरला, माणसं नाकाशी धरून पुढे देत होती. म्हातारीने बाबांपुढे पदर पसरला. "बोट दे इकडे." बाबांनी खिशातून काढून पदरात ठेवलं. तिने मोडलेल्या टोकाला नख लावलं, गंजाचा भुगा झडला.

"लोखंडच सडलं हे," ती म्हणाली. "याले कोन तोडन? आपल्या वयाचं झालं बिचारं." मग बाबांकडे वर पाहून, "अन् तू रे, फडकं काऊन बांधलं? मुरगळलं होतं का बोट? हळद त लावाची होती!"

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. बाबा हसले नाहीत. ते तिथेच चबुतऱ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागले. तेव्हा मोटारसायकली टपरीपुढून निघाल्या.

चौकात येतानाच मी ठाण्यात फोन केला होता. ठाणेदारसाहेब आले, पंचनामा सुरू झाला. साहेबांचं म्हणणं, वातावरण निवळेपर्यंत पुतळा पांढऱ्या कापडाने झाकून ठेवू. नियमाप्रमाणे ते योग्यच असेल. पण म्हातारी आडवी आली. "नाई जी, साहेब. एकदा कपडा बांधला त एवढं झालं. आता सगळ्याइले पाहू द्या." साहेबांनी थोडा विचार केला आणि कापड परत गाडीत ठेवलं.

मोडताना कोणी पाहिलं का, असं त्यांनी विचारलं. मी पुढे होणार तेवढ्यात टपरीवाले भाऊ म्हणाले, "म्या पाह्यलं."

सगळे वळले.

"अंदर बाकावर लेटून होतो. हा वर होता, पोरगी शिडी धरून होती. तुटलं तेही पाह्यलं अन् यानं बांधलं तेही पाह्यलं."

"मग बोलला काऊन नाई?" साहेब वैतागून म्हणाले.

"माह्या तोंडून कोन आयकते, साहेब? म्या बोलतो त आणखी दोन पडल्या असत्या."

त्यांचा जबाब घेतला गेला. बाबांवर गुन्हा दाखल झाला नाही. दुसऱ्या दिवशी जयंती झाली, रॅली निघाली, हार चढला. मी मात्र रॅलीभर मोबाईल पाहत होते. ग्रुपवरचा फोटो आमच्या पोरांनी काढून टाकला होता, पण तोवर तो गावाबाहेर गेला होता आणि आमचा खुलासा त्याच्यासोबत गेला नव्हता. चामोर्शीहून आत्याचा फोन आला, "तुमच्याकडे विटंबना झाली म्हणते, दुकानं बंद आहेत का?" मी तिला समजावलं. मग तिच्या शेजारणीला. किती जणांना समजावणार?

बोट अजून बसवलेलं नाही. सिमेंट लावून चिकटवायला बाबांना वेळ लागला नसता, पण आता दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि ती मागताना कळलं की पुतळा बसवला तेव्हा ग्रामसभेच्या जुन्या ठरावापलीकडे कोणी काही केलं नव्हतं. म्हणजे आधी पुतळ्याचीच परवानगी, मग बोटाची. ते काम मी हाती घेतलं आहे. कार्यालयात हा विषय काढताना मला दरवेळी वाटतं, आपण विचारायला गेलो आणि त्यांनी पुतळ्यावरच बोट ठेवलं तर? कायदा त्याच्या रक्षणासाठी आहे हे मी शिकले आहे, मानतेही. तरी फाईल कोणाच्या टेबलावर आहे हे कळेपर्यंत जेवण गोड लागत नाही. बोट विहारात आहे, स्टीलच्या डब्यात, कापसात.

आणि तो फोटो अजून फिरतो. एप्रिल जवळ आला की कुठल्या तरी ग्रुपवर तो वर येतो, दरवेळी वेगळ्या गावाच्या नावाने. मी तो दिसेल तिथे उत्तर लिहिते. लोक वाचतात की नाही, माहीत नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. पुतळा आता दुपारी रंगवला जात नाही. सकाळी, सगळी वस्ती जमते तेव्हा रंगवतात. हे बाबांनीच मागितलं. त्यांना ते आवडतं असं नाही. मागच्या वेळी मी खाली उभी होते. शिडी टपरीवाल्या भाऊंनी धरली होती, त्यांची हिरवी जाळी आता मागच्या कडुनिंबाला बांधलेली असते. बाबांनी चपला काढल्या, चबुतऱ्याला हात लावला, "येऊन राह्यलो जी वर" म्हणाले. मग मागे वळून गर्दीकडे पाहून थांबले, जणू आम्हालाही विचारत होते.

"जाय ना बावा, कोन अडवून राह्यलं!" म्हातारी म्हणाली.

ते चढले. हाताशी आले तेव्हा ब्रश धरलेलं मनगट त्यांनी दुसऱ्या हाताने धरलं. कोणीतरी मोबाईल वर धरून सगळं घेत होतं, आणि मी त्याला अडवलं नाही. सगळं घे, म्हटलं. सुरुवातीपासून घे.